कंबरदुखी, मुरगळ आणि व्यायामोपचार

दसरा-दिवाळी आटोपली की अंबाजोगाई, केज, धारूर, परळी या भागांतील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो व त्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. त्यामुळे कंबर धरली, घोटा मुरगळला किंवा खांदा आखडला तरी दुखणे अंगावर काढले जाते. आठ दिवसांत बरी होणारी व्यथा अशाने वर्षानुवर्षे सोबत राहते. ज्याचे हातपाय हेच भांडवल, त्याने त्या भांडवलाची निगा कशी राखावी, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधुभगिनींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

भौतिकोपचार म्हणजे काय?

व्यायाम, शेक, थंड पट्टी आणि योग्य हालचाल यांच्या साहाय्याने दुखावलेले अवयव पुन्हा कामास लायक करणे, यास भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी म्हणतात. या विद्येचे शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली सुरू झाले आणि १९५५ साली मुंबईतच हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. औषधाने वेदना शमते. परंतु आखडलेला सांधा मोकळा करणे व दुबळा स्नायू बळकट करणे हे व्यायामावाचून साधत नाही.

कंबर का दुखते?

पहारीने दगड उचलताना आपण लांब टोक धरतो, म्हणून थोड्या जोराने मोठा दगड हलतो. कमरेत वाकून ओझे उचलताना नेमके उलट घडते. ओझे लांब टोकाशी असते आणि पाठीचे स्नायू आखूड टोकाशी. त्यामुळे ओझ्याच्या कितीतरी पट ताण स्नायूंवर व मणक्यांमधील चकत्यांवर येतो. ऊस बुडाशी तोडण्यासाठी दिवसभर वाकावे लागते व त्यानंतर जड मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढावे लागते. कापूस वेचणे व खुरपणी यांतही कंबर तासन्‌तास वाकलेलीच असते.

यासाठी ओझे उचलताना दोन पावलांत अंतर ठेवून गुडघ्यांत वाकावे, ओझे अंगाशी घ्यावे आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. ओझे हाती असताना कमरेस पीळ देऊ नये. वळावयाचे असल्यास पावले वळवावीत. मोळी लहान बांधावी. खेपा वाढल्या तरी कंबर वाचते. दर अर्ध्या तासाने कोयता ठेवून सरळ उभे राहावे व कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा हळूहळू मागे झुकावे. टोळीत तोडणारे व वाहणारे यांची आलटूनपालटून योजना केल्यास एकाच अवयवावर भार पडत नाही.

उसण भरल्यास

पूर्वी अशा रोग्यास आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहण्यास सांगत. आता तसे सांगितले जात नाही. एक-दोन दिवस जड काम टाळावे, परंतु घरात चालणेफिरणे चालू ठेवावे. फार काळ पडून राहिल्याने स्नायू अधिकच दुबळे होतात. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पंधरा-वीस मिनिटे शेक द्यावा. मधुमेहामुळे ज्यांची त्वचा बधिर झाली आहे, त्यांनी शेकताना विशेष जपावे. कळ कमी होताच पुढील व्यायाम सकाळ-सायंकाळ, प्रत्येकी दहा वेळा करावेत.

१. उताणे झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढावा, पाच अंक मोजून सोडावा; मग दुसरा.

२. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीवर टेकवावेत, कंबर वर उचलून पाच अंक मोजावेत व सावकाश खाली आणावी.

३. पालथे झोपून कोपरांवर भार द्यावा व छाती वर उचलावी. दिवसभर पुढे वाकणाऱ्यास हा व्यायाम विशेष उपयोगी आहे.

व्यायामाने थोडा ताण जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु कळ पायात उतरू लागली किंवा वाढली, तर तो व्यायाम तत्काळ थांबवावा.

मुरगळ व हाड मोडणे

घोटा मुरगळल्यावर गरम तेलाने चोळण्याची चाल सर्वत्र आहे. पहिले दोन दिवस ती घातक ठरते, कारण चोळण्याने व शेकाने सूज वाढते. त्याऐवजी थंड पाण्याची पट्टी, अथवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. पट्टी बेताने आवळून बांधावी व पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाडाची शंका धरून क्ष-किरण तपासणी करवावी. सूज उतरू लागताच घोटा वरखाली व गोलाकार फिरवावा. पुढे भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. त्यामुळे तोच घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव कमी होतो.

हाड मोडल्याची शंका असल्यास मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा सांधा हलणार नाही अशा रीतीने फळीचा आधार बांधून रोग्यास रुग्णालयात न्यावे. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हात किंवा पाय कायमचा गमावण्याची वेळ येते. बोटे थंड, निळसर वा बधिर झाली किंवा वेदना असह्य वाढली, तर बांधलेले ताबडतोब सैल करावे. प्लास्टर असतानाही हीच लक्षणे दिसल्यास त्याच क्षणी डॉक्टरांकडे जावे. हाताला प्लास्टर असताना बोटे, तसेच डॉक्टरांनी मना केले नसेल तर खांदाही हलवीत राहावा. प्लास्टर काढले म्हणजे उपचार संपला असे मानू नये. खरी मेहनत त्यानंतरच सुरू होते.

विलंब नको अशी लक्षणे

लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती जाणे, उंचावरून पडल्यानंतर पाठ दुखणे, अथवा पाठदुखीबरोबर ताप व वजन घटणे ही लक्षणे साधी नव्हेत. शेवटच्या प्रकारात मणक्याचा क्षयही असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अंबाजोगाई येथे १९७४ साली सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय खेड्यांतील रुग्णांसाठीच उभे राहिले आहे. तेथे अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे आणि घरी कोणता व्यायाम किती करावयाचा, हे विचारूनच परतावे.

ग्रामसेवकांनी टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी गावात एक सायंकाळ बैठक घ्यावी, स्त्रियांनाही आवर्जून बोलवावे व वरील व्यायाम प्रत्यक्ष करून दाखवावेत. ज्या स्त्रियांच्या पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांना डॉक्टरांच्या अनुमतीवाचून मोळी उचलू देऊ नये, हे मुकादमांसही समजावून सांगावे. कोयत्याला धार लावण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच या व्यायामांस लागतो. कोयता बोथट झाला तर नवा आणता येतो. कंबर मात्र जन्मभर एकच पुरवावयाची असते.