उललेल्या टाचा आणि करडईचं तेल

जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ला, थंडीच्या तोंडावर लागू झाले. साबण, शॅम्पू, केसांचं तेल, टाल्कम पावडर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. तूपही १२वरून ५वर आलं. कोल्ड क्रीम आणि मॉइश्चरायझर मात्र १८ टक्क्यांतच राहिलं. खोबरेल खाद्यतेल की केसांचं तेल, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेलच मानता येईल, असा निकाल १८ डिसेंबर २०२४ला लागला. म्हणजे क्रीम ज्यापासून घरी होऊ शकतं ते तेल-तूप पाच टक्क्यांत आणि तयार डबी अठरा टक्क्यांत. सौंदर्यप्रसाधन ठरवून मॉइश्चरायझर चैनीच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. का, ते बेल्ह्यात कळतं.

बेल्हे कल्याण-नगर महामार्गावर, आळेफाट्याच्या पुढे आणि आणे घाटाच्या अलीकडे. सोमवारचा इथला बाजार बैलांसाठी नावाजलेला. थंडीत पठारावरून कोरडं वारं उतरतं आणि नेमक्या त्याच दिवसांत कांद्याची लागण चालते. बाया सकाळपासून ओल्या वाफ्यात अनवाणी, पाय चिखलात, बोटं रोपांत. पाय भिजतात, वाऱ्याने सुकतात, पुन्हा भिजतात. दरवेळी सुकताना त्वचेतलं थोडं पाणी आणि थोडी स्निग्धता निघून जाते. पंधरवड्यात टाचेला जळवात होतो आणि भेगांत माती शिरते. टोमॅटो तोडणाऱ्यांच्या बोटांवर हिरवट-काळा राप बसतो. तो घालवायला साबण, राख, लिंबू, हाताला येईल त्याने घासायचं आणि उरलीसुरली स्निग्धताही धुऊन टाकायची. भेगेतून रक्त आलं की दुसऱ्या दिवशीची रोजंदारी बुडते. ज्यांना मॉइश्चरायझरची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासाठी तरी ही चैन नाही.

मग घरी करावं का? जरूर करावं, पण मोबाइलवर दिसणाऱ्या कृतींप्रमाणे नको. त्यातल्या बहुतेकींत कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस, कुठे मध, कुठे लिंबू असतं. मिक्सरमधून फिरवायचं आणि बरणी भरून महिनाभर वापरायचं. इथेच चुकतं. ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढणारच. बुरशी डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी वाढलेली असते, आणि तेच आपण फुटलेल्या त्वचेवर, म्हणजे उघड्या जखमेवर चोळतो. कंपन्या संरक्षक रसायनं घालतात ती याचसाठी. ते रसायन नको असेल तर पाणीही नको, एवढं एकच सूत्र पाळलं तरी पुरे. कोरफड लावायची तर पान तोडावं, पिवळा चीक निथळू द्यावा, गर लावावा आणि उरलेला टाकून द्यावा. लिंबू त्वचेला लावून उन्हात शेतावर गेलं तर डाग आणि फोड येतात, ते कोणत्याच कृतीत नको.

बिनपाण्याचं म्हणजे तेल आणि मेण. तेल कोणतं, यावर मला जरा विस्ताराने लिहायचं आहे, कारण उत्तर आपल्याच जिरायतीत आहे आणि आपण ते विसरलो आहोत.

जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी दांपत्याने १९२९मध्ये उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेला आहार दिला. उंदरांची कातडी खवल्यांसारखी झाली. त्यातून काही स्निग्धाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, हे कळलं. त्यांतलं मुख्य लिनोलेइक आम्ल. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधल्या जागेत जो स्निग्ध पदार्थ भरलेला असतो, त्यातल्या सिरॅमाइड नावाच्या एका महत्त्वाच्या घटकाला हे आम्ल लागतं. ते कमी पडलं की त्वचेतून पाणी उडून जायला लागतं. आता तेलांकडे बघा. ऑलिव्ह तेलात लिनोलेइक थोडं, ओलेइक भरपूर. खोबरेलात लिनोलेइक जवळपास नाहीच. नेहमीच्या करडईच्या तेलात ते साधारण ७० ते ७५ टक्के असतं. खाद्यतेलांत याच्या वरचढ क्वचितच कोणी.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० नवजात बाळांवर एक अभ्यास केला. तो २००५मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांचे तीन गट केले होते. एकाला करडईच्या तेलाने मालिश, दुसऱ्याला खोबरेलाने, तिसऱ्याला तेलच नाही. दर वेळी ५ मिली तेल, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. मग रक्त तपासलं. करडईच्या गटात शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी आवश्यक स्निग्धाम्लं वाढली होती आणि खोबरेलाच्या गटात संपृक्त स्निग्धांश. म्हणजे वर चोळलेलं तेल नवजात बाळाच्या त्वचेतून थेट रक्तात पोचतं आणि कोणतं तेल चोळता यानुसार रक्तातला फरक दिसतो. न्हाऊ घालणाऱ्या बाईने कोणतं तेल वापरायचं, हा प्रश्न आपल्याकडे घरातल्या मोठ्या बायका सोडवत आल्या. पुण्यातल्या डॉक्टरांनी तो प्रयोगशाळेत नेला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यायला हवी असं मला वाटतं.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधल्या शेफिल्डचं. तिथल्या संशोधकांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या त्वचेवर ऑलिव्ह तेल आणि सूर्यफुलाचं तेल लावून पाहिलं. ऑलिव्हने त्वचेचा संरक्षक थर कमकुवत केला. लिनोलेइक भरपूर असलेल्या सूर्यफुलाने तसं केलं नाही. तरी बाळंतविड्यात आजही ऑलिव्हची महागडी बाटली येते आणि करडईचं तेल स्वयंपाकघरातही उरलेलं नाही.

करडई आपल्या कोरडवाहू पट्ट्यातलं रब्बीचं पीक. ज्वारीच्या कडेने तिच्या ओळी असायच्या. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे आणि घरच्या तेलाची सोय होई. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर कित्येक वर्षं काम केलं, बिनकाट्याचं नारी-६ वाणही दिलं. पण क्षेत्र घटतच गेलं. सोयाबीन आणि पामतेलाच्या भावापुढे तिचं काही चाललं नाही. आता लाकडी घाण्याच्या पाट्या रस्त्यांवर जागोजागी दिसतात, तिथे करडईचं तेल मिळतं. घेताना कोणत्या वाणाचं आहे तेवढं विचारा, कारण ओलेइक जास्त असलेले करडईचे वाणही आता आहेत. तळायला म्हणून ते उत्तम, त्वचेसाठी जुनीच करडई बरी.

या तेलाचा एक दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ते लवकर खवट होतं. ज्या लिनोलेइकसाठी ते घ्यायचं तेच हवेने आणि उजेडाने बिघडतं, आणि खवट तेल त्वचेला खाज आणतं. म्हणून पाव किलोच्या वर आणू नका. गडद बाटलीत, चुलीपासून लांब ठेवा.

आता कृती. १०० ग्रॅम करडईचं तेल, १५ ते २० ग्रॅम मधमाश्यांचं पिवळं मेण. मेणबत्तीचं पांढरं मेण चालणार नाही, ते पॅराफिन असतं. पिवळं मेण मधपाळांकडे मिळतं. पुण्यात खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून आहे, तेव्हा हा व्यवसाय आपल्याकडे नवा नाही. पातेल्यात पाणी तापवा, त्यात मेण किसून टाकलेली वाटी ठेवा. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, त्यामुळे वाटी थेट आचेवर ठेवायची गरज नसते, ठेवूही नका. मेण पातळ झालं की तेल घाला. मेण क्षणभर गोठल्यासारखं होईल, ढवळत राहिलात की पुन्हा एकजीव होईल. थंड ताटलीवर एक थेंब टाकून बोटाने बघा. फार घट्ट वाटलं तर तेल, फार सैल वाटलं तर मेण. मग पूर्ण कोरड्या डबीत ओता. पाण्याचा थेंबही नको, ओलं बोटही नको. वासासाठी काही घालू नका. सुगंधी तेलांनीच अनेकांना पुरळ येतं.

टाचांसाठी यात आमसुलाच्या तेलाचा लहान खडा घातला तर मलम आणखी चांगलं होतं. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेल्या या तेलाला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. ते साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणून गोळ्याच्या रूपात राहतं आणि शेगडीच्या धगीशी धरून भेगेत भरता येतं. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त असतं. ते भेगेवर घट्ट बसतं आणि रात्रभर टिकतं.

शतधौत घृताबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. चरकसंहितेत आलेली ही कल्पना खरोखर सुंदर आहे. तूप परंपरेने तांब्याच्या पात्रात घ्यायचं, पाणी घालून हाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, आणि असं शंभर वेळा. दहा-पंधरा धुण्यांनंतर रवाळ पिवळं तूप फिकं होतं, मग बोटाखालचे कण नाहीसे होतात, शेवटी लोण्याहून मऊ, पांढरंशुभ्र क्रीम हाताला लागतं. तुपाचा वासही जवळजवळ जातो. पण त्यात पाणी मुरलेलं असतं. थोडंच करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि आठवड्याभरात संपवावं. काशाच्या वाटीने तळपाय घासायची सवय असलेल्या घरांनी साधं तूपच वापरलं तरी काम होतं.

काहीही लावा, लावायची वेळ महत्त्वाची. अंघोळीनंतर अंग टिपून, त्वचा ओलसर असताना दोन-तीन मिनिटांत लावलं तर पाणी आत राहतं. कोरड्या टाचेवर दुपारी चोळलेलं तेल वरच्यावर राहतं. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून, टिपून, मलम लावून सुती मोजे घातले तर जळवातात सर्वांत जास्त फरक पडतो. ग्लिसरीन लावायचं तर पाणी घालून लावावं आणि वरून तेलाचा हात फिरवावा, नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत चरचरतं. पेट्रोलियम जेली त्वचेतलं पाणी अडवण्यात तेलांहून सरस आहे, हेही मान्य करायला हवं. ती नैसर्गिक नाही म्हणून वाईट ठरत नाही.

पण कोणत्याही डबीवर डोळे झाकून विसंबू नका, हे अकोल्याने शिकवलं. तिथल्या एका घरातल्या मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार झाला. त्या स्थानिक पातळीवर मिळालेलं चेहऱ्याचं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्यात पारा निघाला. २०२३मध्ये ही बातमी राज्यभर गाजली. बिनलेबलची, त्वचा उजळ करण्याचं आश्वासन देणारी डबी बाजारात कोणी हातावर ठेवली तर परत करा. मलमाने त्वचा गोरी होत नाही, होऊ लागली तर आत पारा किंवा स्टेरॉइड आहे, असंच समजावं.

मधुमेह असलेल्यांनी, आणि ज्यांच्या भेगेतून पू येतो त्यांनी घरच्या मलमावर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. कमी दिवसांच्या बाळाला कोणतंही तेल विचारूनच लावावं. आणि गावागावांतल्या बचत गटांना एक सांगणं. घरच्यासाठी मलम करायला कोणाची परवानगी लागत नाही, पण विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२०नुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. तो आधी घ्या, मग डबीवर नाव छापा.