वेधशाळेची किल्ली

आमच्या गांवीं वाचनालयाच्या गच्चीवर एक लहानशी वेधशाळा आहे. वेधशाळा हा शब्द ऐकून वाचकांच्या डोळ्यांपुढें जयपूर किंवा उज्जयिनी येथील यंत्रें उभीं राहतील, म्हणून आधींच सांगितलेलें बरें कीं, ही म्हणजे चार भिंतींची एक खोली, तिच्यावर रुळांवरून सरकणारें पत्र्याचें छप्पर आणि आंत आठ इंच व्यासाच्या आरशाची एक परावर्तक दुर्बीण. पगारी नोकर एकही नाहीं. आकाश निरभ्र असल्यास दर शनिवारीं सायंकाळीं येईल त्याला विनामूल्य आकाश दाखवावयाचें, एवढेंच आमचें ब्रीद. सेवानिवृत्तीनंतर २०१४ सालीं आम्हीं हा उद्योग आरंभिला व पुढें आठ वर्षें चालविला. 'आम्हीं' हें सर्वनाम रूपानें अनेकवचनी असलें तरी येथें त्याचा अर्थ एकवचनीच घ्यावा. सगळा घोटाळा त्यांतच आहे.

दाराला किल्ली एकच होती आणि ती आमच्या जानव्याला असे. दहाबारा तरुण मंडळी नेमानें येत. तीं छप्पर सरकवीत, सतरंज्या घालीत, रांग लावीत. परंतु दुर्बीण शनीकडे वळवावयाची ती आम्हींच, नेत्रभिंग बदलावयाचें तें आम्हींच. ह्या मंडळींस आम्ही स्वयंसेवक म्हणत असूं. खरें पाहतां त्यांची योग्यता आम्हीं हमालांहून अधिक ठेविली नव्हती. आमचें कुटुंब एकदां म्हणालें, "चंद्राला कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधलीत, आतां एकादशीला तरी सोडाल ना?" आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें.

जून २०२२ मध्यें न्हाणीघरांत पाय घसरून आमच्या मांडीचें हाड मोडलें आणि आम्ही चार महिने अंथरुणास खिळलों. तो नेमका पावसाळा. दुर्बिणीच्या आरशाजवळ सिलिका जेलचे दाणे ठेवावे लागतात. ते कोरडे असतां निळे असतात, ओल शोषून गुलाबी होतात, आणि तव्यावर मंद आंचेवर परतले कीं पुनः निळे होतात. आठ पावसाळे आमच्या स्वयंपाकघरांत हें परतणें चालत आलेलें. ह्या वर्षीं तें कोणीं करावें? किल्ली देवघरांतल्या डबींत पडून होती. मुलें समाचाराला येत, संत्रीं आणीत, पण किल्ली मागण्याचा धीर कोणास झाला नाहीं, आणि देण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. दसऱ्याला दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आम्ही जिना चढलों. झांकण काढून पाहतों तों आरशावर बुरशीचें जाळें! आरशाच्या कांचेवर ॲल्युमिनियमचा जो लेप असतो, तो मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास जाड. त्याला पुसणें सोसत नाहीं. बुरशीनें तो एकदां खाल्ला कीं नवा देवविण्यावांचून गत्यंतर नाहीं. वाचनालयाची शिल्लक त्यांत गेली.

त्या दिवसांत पुण्याच्या एका जुन्या वेधशाळेची हकीकत आमच्या मनांत वारंवार येई. भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधारानें कॉलेज ऑफ सायन्समध्यें 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. तिचे चालक प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांच्या हातीं २० इंची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनीं जेऊर येथें तळ देऊन घेतले. माणूस मोठा, यंत्र मोठें. पण १९१२ मध्यें ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. यंत्रें कोडाईकनालला रवाना झालीं. त्याच पुण्यांत १९४४ सालीं हौशी मंडळींनीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापिली. तिच्यापाशीं कोणा महाराजांची देणगी नव्हती. तरी माणसें बदलत गेलीं आणि संस्था आजतागायत चालू आहे.

असें कां व्हावें, ह्याचा उलगडा आम्हांस अमेरिकेतील एका उदाहरणानें झाला. व्हरमाँट संस्थानांत स्प्रिंगफील्ड नांवाचें यंत्रकारखान्यांचें गांव आहे. तेथें रसेल पोर्टर नांवाच्या गृहस्थानें १९२० मध्यें कारखान्यांतील कामगारांस दुर्बिणीचे आरसे घांसावयास शिकविलें. त्यांत एक स्त्रीही होती. ही रीत ऐकण्यासारखी आहे. कांचेच्या दोन जाड चकत्या घ्यावयाच्या, मध्यें कार्बोरंडमची ओली पूड घालावयाची, आणि वरची खालचीवर पुढेंमागें सरकवीत स्वतः पिंपाभोंवतीं फिरत राहावयाचें. हळूहळू वरची खोलगट होते, खालची फुगीर. मग बारीक, त्याहून बारीक पूड, आणि शेवटीं डांबरासारख्या राळेवर झिलई. महिनोन्महिने हा उद्योग चाले. १९२४ पर्यंत त्यांनीं टेकडीवर स्वतःच्या हातांनीं सभागृह बांधलें व त्यास 'तारकांचें मंदिर' अशा अर्थाचें 'स्टेलाफेन' हें नांव दिलें. १९२६ पासून तेथें दुर्बीणकारांचा मेळा भरूं लागला. पुढें पोर्टर पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या कामासाठीं कॅलिफोर्नियाला गेला. मेळा मात्र आजही भरतो. ज्यानें आरसा स्वतः घांसला, त्याला गुरु गांव सोडून गेला म्हणून दार लावावेंसें वाटत नाहीं.

आम्हीं तीन किल्ल्या करविल्या. एक एस. टी. आगारांतील एका यंत्रज्ञाकडे, एक जमाखर्च ठेवणाऱ्या एका वहिनींकडे, तिसरी नववींतल्या एका मुलीकडे. शेवटच्या नांवावर वाचनालयाच्या सभेंत थोडी कुरकुर झाली. आम्हांलाही मनांतून धाकधूक होतीच. जो शिकेल त्यानें वर्षांत दुसऱ्या एकास शिकवावें, हा नियम ठरला. पहिल्याच महिन्यांत एका मुलाच्या हातून नेत्रभिंग फरशीवर पडलें. आमच्या जिभेवर आलेलें वाक्य आम्हीं गिळलें; तें गिळणें मांडीच्या हाडाहून जड गेलें, हें येथें कबूल करतों.

पण कित्येक गोष्टी आमच्या डोक्यांत आठ वर्षांत आल्या नव्हत्या, त्या ह्या मंडळींनीं केल्या. पतंगाचा लाल कागद दिव्याला लावला, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहींत. पौर्णिमेऐवजीं अष्टमीच्या सुमाराचे शनिवार चंद्रासाठीं नेमले, कारण तेव्हां विवरांच्या सावल्या लांब पडतात. शेजारच्या मंगल कार्यालयाच्या झगझगाटाबद्दल आम्ही सात वर्षें नुसते चरफडत होतों. ती मुलगी मालकांकडे गेली, त्यांना वर आणून शनि दाखविला, आणि लग्नाचा मुहूर्त नसेल त्या शनिवारीं दिवे मालवण्याचें वचन घेऊन आली.

२०२५ च्या नोव्हेंबरांत आम्ही काठी टेकीत वर गेलों आणि रांगेंत उभे राहिलों. त्या वर्षीं शनीचीं कडीं पृथ्वीवरून जवळजवळ कडेवर दिसत होतीं, मोठ्या अपेक्षेनें आलेलीं मुलें "कडें कुठें आहे?" म्हणून हिरमुसत होतीं. ती मुलगी आतां बारावींत होती. तिनें घरून स्टीलचें ताट आणलें होतें. तें डोळ्यांसमोर आडवें धरून ती एकेकास विचारी, "आतां ताट दिसतें कीं रेघ?" मुलें हंसत आणि पुनः दुर्बिणीशीं जात.

आमची पाळी आली. प्रतिमा किंचित् अस्पष्ट वाटली म्हणून सवयीनें हात पुढें गेला.

"गुरुजी," ती म्हणाली, "नळीला हात लावूं नका. सांगा, मी करतें."

आम्हीं हात मागें घेतला.