वेदना, घड्याळ आणि मॉर्फिन

आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांच्या भट्ट्या रात्रपाळीतही धगधगत असतात. तापल्या लोखंडाने भाजलेला कामगार दवाखान्यात आला, की आपण डॉक्टरांना विनवतो, ‘आधी याची आग थांबवा.’ आणि घरच्या कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिन लिहून दिले, की तेच आपण म्हणतो, ‘नको, अफूची सवय लागेल.’ औषध एकच. देण्याची रीत मात्र दोन्हीकडे निराळी.

माणूस फार भाजला म्हणजे अंगातील द्रव झिरपून रक्ताभिसरण मंदावते. अशा वेळी दंडात टोचलेले मॉर्फिन स्नायूतच साचून राहते. गुण येईना म्हणून पुन्हा टोचावे, तर सलाइनने अभिसरण सुधारताच साचलेले सारे एकदम रक्तात उतरते आणि श्वास मंदावतो. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या बाबतीत हा अनुभव आला. म्हणून ते शिरेतून थोडे थोडे देतात, काही मिनिटे थांबतात, श्वास पाहतात, मग लागल्यास पुन्हा देतात. नॅलॉक्सोन हा उतारा हाताशी असतो.

दीर्घकाळच्या वेदनेत सहसा सुई लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कर्करोगाच्या वेदनेसाठी सांगितलेली रीत अशी, की औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे द्यावे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा अंमल सुमारे 4 तास टिकतो. तेव्हा पुढची गोळी कळ उठण्यापूर्वीच द्यायची. आपण करतो नेमके उलट. रोगी कण्हू लागेपर्यंत डबी कपाटात, आणि वर ‘सोसा थोडे’ हा उपदेश! मात्रा वाढवणे-उतरवणे डॉक्टरांचे काम. वेळ सांभाळणे आपले. बद्धकोष्ठ बहुधा होतेच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून हवे. हे कोणी सांगितले नाही, तर बिचारा रोगी औषधच टाकून देतो. गिळता येत नसेल, तर त्वचेवर लावायची फेंटॅनिलची पट्टी असते. ती सुमारे 3 दिवस पुरते.

सवयीचे म्हणाल, तर शरीर औषधाला सरावते हे खरे, म्हणून ते एकाएकी बंद करू नये. परंतु व्यसन म्हणजे औषधाची अनावर ओढ, ती निराळी. तिचा धोका मुळीच नाही असे नव्हे, म्हणूनच डॉक्टरांची देखरेख.

1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जाळ्यामुळे पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सोपी केली. तेव्हा कर्करोगाचा रोगी घरी नेताना आपण डॉक्टरांना सरळ विचारावे, की मॉर्फिन कोठे मिळेल, आणि रात्रीची मात्रा किती वाजता द्यायची.