चोंदलेल्या नाकाचं सूप

सर्दी झाली की सगळ्यात आधी घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवली जातात. कालपर्यंत चाटूनपुसून खाल्लेली आमटी पाणचट लागते, भाजी मिळमिळीत वाटते, आणि मोठ्या मायेने पुढ्यात ठेवलेल्या भाज्यांच्या सुपात पेशंट न चाखताच मीठ ढवळायला लागतो. बिघाड सुपात नसतो, जिभेतही नसतो. जिभेला मुळात पाचच गोष्टी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. जिरं, हिंग, कोथिंबीर, साजूक तूप यांची म्हणून जी चव आपण सांगतो, ती जवळजवळ सगळी वासाची. घास चावताना सुटलेले वासाचे रेणू घशाच्या मागून वर चढतात आणि नाकाच्या पार छताशी असलेल्या वासाच्या पेशींपर्यंत पोचतात. सर्दीत नाकाचं आतलं अस्तर सुजतं, शेंबूड साचतो आणि ही वाट बंद होते.

खात्री करायची असेल तर सर्दी नसताना नाक चिमटीत धरून बडीशेप चावून बघा. दाताखाली काहीतरी गोडसर, भरड येतं. ते बडीशेप आहे हे कळत नाही. चिमूट सोडली की क्षणात कळतं.

म्हणजे सर्दीच्या माणसासाठी सूप करायचं तर ते नाकासाठी करून उपयोग नाही. आपली सगळी हौस वासावर असते: तुपात जिरं तडतडवा, लसूण परता, वरून कोथिंबीर भुरभुरवा. पहिले दोन-तीन दिवस ही मेहनत जवळजवळ वाया जाते. जे जिभेवर थेट उतरतं आणि जे झोंबतं, त्यावर भर द्यायला हवा.

जिभेवर उतरणाऱ्यांत टोमॅटोचा मान पहिला, आणि तो नुसत्या आंबटपणासाठी नाही. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिलं. त्याच शोधातून पुढे अजिनोमोटोची पूड बाजारात आली. तिचं नाव काढलं तरी आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण पिकल्या टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि त्या पुडीतलं ग्लुटामेट हा रेणू एकच. टोमॅटो हिरव्याचा लाल होताना हे ग्लुटामेट कित्येक पटींनी वाढतं, म्हणून सुपाला करकरीत टोमॅटो न घेता थोडे मऊ पडलेले, कोशिंबिरीला नकोसे झालेले घ्यावेत. आणखी एक गोष्ट: बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात बाहेरच्या मांसल भागापेक्षा ग्लुटामेट जास्त असतं. शिजवून, वाटून मग गाळलं तर तो गर सुपातच उतरतो. आधीच बिया खरवडून टाकल्या तर मात्र टोमॅटोतला सगळ्यात चविष्ट भाग कचऱ्यात जातो.

याला जोड मिळते ती मश्रूमची. वाळवलेल्या शिताके मश्रूममध्ये ग्वानिलेट नावाचा पदार्थ असतो. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की उमामी नुसती दोघांच्या बेरजेइतकी वाढत नाही, तिच्या कितीतरी पुढे जाते. अकिरा कुनिनाका या जपानी संशोधकाने १९५०च्या दशकाअखेरीस हे दाखवलं. शिताके मिळाली नाहीत तरी अडत नाही. साधी पांढरी बटण मश्रूम, मटार, मक्याचे दाणे यांतही ग्लुटामेट असतंच. मुख्य म्हणजे उमामी असेल तर कमी मिठातही सूप भरीव लागतं; रक्तदाबाच्या पेशंटला सर्दी झाली असेल तर हा मुद्दा लाखमोलाचा.

झोंबणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मिरीचा तिखटपणा ही चवही नाही आणि वासही नाही, ती वेदना आहे. मिरीतलं पायपरिन आणि मिरचीतलं कॅप्सायसिन हे दोघं मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एकाच ग्राहीला जाऊन भिडतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारी ग्राहीही तीच, म्हणून तिखट खाल्लं की तोंड भाजल्यासारखं होतं. ती हुडकून काढणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे मानकरी ठरले. हा निरोप मेंदूपर्यंत नेतो तो चेहऱ्याचा ट्रायजेमिनल मज्जातंतू, आणि नाक कितीही चोंदलं तरी त्याची वाहतूक चालूच राहते. म्हणून बाकी काही लागत नसताना मिरी आणि आलं तेवढं लागतं. वर त्या झोंबण्याला उत्तर म्हणून नाक वाहायला लागतं, आणि गच्च नाकाला तेवढंही पुष्कळ वाटतं. तेव्हा मिरी ताजी, भरड कुटून, हात सैल सोडून घालावी. लहान मुलांच्या वाडग्यात मात्र चिमूटभरच.

करताना क्रम चुकवू नये. गाजर, बटाटा, फरसबी आधी पाण्यात मऊ शिजवून घ्यावी आणि टोमॅटो नंतर घालावा. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे. गरम पाण्यात ते विरघळतं आणि गाजर मऊ पडतं. पण पाणी टोमॅटोइतकं आंबट असेल तर पेक्टिन चिवटपणे टिकून राहतं आणि गाजर शिजायला नको तितका वेळ लागतो. आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं, हे ज्या घरात पाळलं जातं तिथे ही रसायनाची बाब वेगळी समजावून सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. या सगळ्याने सर्दी बरी होते का? नाही. सर्दीला सर्वाधिक वेळा कारणीभूत असतो तो ऱ्हायनोव्हायरस. त्याचे १६०हून जास्त प्रकार आहेत आणि त्यातल्या एकालाही सूप मारत नाही. पण त्रास कमी होतो का, हा प्रश्न निराळा, आणि तो संशोधकांनी गंभीरपणे घेतला आहे. १९७८ साली मायामी बीचच्या माउंट सायनाय रुग्णालयात १५ निरोगी माणसांच्या नाकातला शेंबूड किती वेगाने सरकतो हे मोजलं गेलं. गरम पाणी घोट घोट प्यायल्यावर तो वेग मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४ झाला, गरम चिकन सुपाने ६.९वरून ९.२, आणि गार पाण्याने उलट ७.३वरून ४.५वर घसरला. अर्ध्या तासात गरम पेयांचा परिणाम ओसरला. शाकाहारी मंडळींनी खट्टू व्हायचं कारण नाही. साध्या गरम पाण्याने काम जवळपास तेवढंच केलं.

२००० सालचा प्रयोग अधिक गाजला. नेब्रास्का विद्यापीठाचे स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या लिथुआनियन आजीच्या पद्धतीचं चिकन सूप प्रयोगशाळेत नेलं. सर्दीचा बराचसा त्रास विषाणूपेक्षा आपल्याच शरीराच्या दाहाने होतो, आणि त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी धाव घेतात. सुपामुळे त्यांची ही धाव मंदावली. त्या सुपात कांदे, गाजरं, रताळं, सलगम असा भाज्यांचा ढीग होता, आणि वेगवेगळ्या तपासल्यावर प्रत्येक भाजीतही हा गुण दिसला. पण हे घडलं ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर. सूप पोटात गेल्यावरही तसंच घडतं, असं यावरून म्हणता येत नाही. वर्तमानपत्रांचे मथळे तेवढं विसरतात.

मला स्वतःला कार्डिफचा प्रयोग जास्त पटतो. तिथल्या सर्दी संशोधन केंद्राने २००८ साली सर्दी झालेल्या ३० जणांना फळांचं गोड पेय कधी गरम, कधी साध्या तापमानाला दिलं. नाकातून हवा किती जाते हे यंत्राने मोजलं तर दोन्हींत फरक नाही. पण गरम पेयाने घसा, थंडी वाजणं, थकवा, खोकला, शिंका या सगळ्यांतच लगेच बरं वाटल्याचं लोकांनी सांगितलं. नाक तेवढंच बंद होतं आणि तरी माणसाला बरं वाटत होतं.

क जीवनसत्त्वाच्या आशेने सूप पिणाऱ्यांसाठी दोन शब्द. उकळताना ते बरंचसं नष्ट होतं. जे पाण्यात उतरतं ते आपण पितो, एवढीच जमेची बाजू. शिवाय सर्दी झाल्यावर क जीवनसत्त्व सुरू करून खात्रीचा फायदा दिसलेला नाही. लिंबू जरूर पिळावं, गॅस बंद केल्यावर, पण आंबटपणासाठी. जिभेला तो स्वच्छ कळतो आणि मिठावरचा हातही आवरतो.

आणि वाडगा समोर आला की लगेच तोंडाला लावू नये. ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली जाहीर केलं आहे. चार-पाच मिनिटं थांबून प्यायलं तरी सूप घशाला पुरेसा शेक देतं.