‘मी नसले तर बरं’ असं कुणी म्हणालं तर…

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी कर्जाबद्दल किंवा शेळीपालनाबद्दल बोलणार नाही. एका वाक्याबद्दल बोलणार आहे. हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय आणि ऐकून सोडून दिलंय. “मी नसले तर बरं.”

पण आधी एक सांगते. आज हे ऐकताना तुमच्याच मनात असा विचार असेल, तर भाषण संपायची वाट बघू नका. १४४१६ हा नंबर लावा. तो सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. रात्री-अपरात्रीसुद्धा चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नाहीतर शेजारच्या विश्वासाच्या बाईला हाक मारा आणि “माझ्याजवळ बस,” एवढंच म्हणा.

आता माझी चूक सांगते. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या गटांचं काम बघते, त्यातल्या एका गटात एका ताईचे तीन हप्ते थकले होते. नवरा अंथरुणाला खिळलेला, सोयाबीन पावसात गेलेलं. आमची पद्धत अशी, की बैठकीत थकलेल्यांची नावं मोठ्यानं वाचायची. तिचं नाव वाचलं. कुणीतरी म्हणालं, “लग्नाला नवी साडी नेसायला पैसे असतात, हप्त्याला नसतात.” सगळ्या हसल्या. मी हसले नाही, पण थांबवलंही नाही. पुढच्या आठवड्यात तेच झालं. मग ते बैठकीबाहेर गेलं. नळावर, गिरणीत, शेवटी शाळेत. तिच्या पोराला पोरं ‘हप्ताबुडवीचा’ म्हणायला लागली. पोरगं शाळेत जाईना.

एक दिवस सही करताना ती मला हळूच म्हणाली, “ताई, मी नसले म्हणजे सगळ्यांचंच फिटेल.” मी म्हणाले, “असं अभद्र बोलू नये.” आणि रजिस्टर पुढच्या बाईकडे सरकवलं.

मी बीए झालेली. प्रशिक्षणं घेतलेली. तरी मला ते वाक्य ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते तिच्या शेजारच्या काकूंना. त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी त्या पीठ मागायच्या निमित्तानं तिच्याकडे गेल्या, चुलीपाशी बसल्या आणि विचारलं, “पोरी, जीव द्यायचं मनात येतंय का गं तुझ्या?” ती रडायला लागली आणि म्हणाली, “हो.” काकू त्या रात्री तिथंच झोपल्या. घरात फवारणीचं औषध होतं, ते त्यांनी आधीच आपल्या घरी नेऊन कुलपात ठेवलं. सकाळी आशाताईला बोलावून दोघी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथून जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आज ती ताई आपल्यात आहे. तिनंच मला सांगितलं, “माझं नाव घेऊ नका, पण गोष्ट सांगा.”

टोमणा लहान नसतो

छळ म्हटलं की आपल्याला मारहाण आठवते. पण मूल नसलेलीला बारशाला न बोलावणं, टाकलेलीला बघून कुजबुजणं, काळी, जाडी, तोतरी म्हणून शाळेत रोज चिडवणं, एखाद्या पोरीचा फोटो मोबाईलवर फिरवणं, हाही छळच. थट्टा आणि छळ यात फरक काय? थट्टेत दोघं हसतात. छळात एकजण हसत नाही, उलटून बोलू शकत नाही, आणि ते पुन्हा पुन्हा होतं.

एक लक्षात ठेवा. कुणीही एकाच कारणानं जीव द्यायला निघत नाही. कर्ज, आजारपण, घरातली दारू, मारहाण, मनाचा आजार, सगळं एकावर एक साचत जातं. मग टोमणा काय करतो? तो मदतीची वाट बंद करतो. ज्या बायांकडे जाऊन ‘मला सावरा’ म्हणायचं, त्याच हसत असतील तर ती जाणार कुठं? आमच्या ताईला पैशाचं ओझं होतंच. पण ते सांगायला गटाची बैठक ही एकच जागा होती, आणि ती आम्हीच तिच्याकडून काढून घेतली.

हा प्रश्न एका गावाचा नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

विचारलं तर विचार डोक्यात भरतो का?

सगळ्यांना हीच भीती वाटते. पण जाणकार डॉक्टर आणि जागतिक आरोग्य संघटना सांगतात, की सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार भरत नाही. उलट, इतके दिवस एकटीनं दाबून धरलेलं बोलायला वाट मिळते. म्हणून काकूंनी विचारलं तसं साध्या शब्दांत विचारा. “तसलं काही मनात नाही ना?” असं विचारू नका. त्या ‘नाही ना’मध्येच ‘नाही म्हण’ असं सांगितलेलं असतं.

चारचौघीत विचारू नका. बाजूला घ्या, पण पोलीस चौकशीसारखं नको. शेंगा फोडताना, भाजी निवडताना विचारा. हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

ती ‘हो’ म्हणाली तर घाबरून ओरडू नका, आणि लगेच उपदेशही करू नका. आपण सवयीनं काय म्हणतो आणि त्याऐवजी काय म्हणता येईल, ते बघा.

“लोकांचं काय मनावर घेतेस?” असं म्हणू नका. ते तिनं मनावर घेतलेलंच आहे. म्हणा, “रोज रोज असं ऐकून किती त्रास झाला असेल गं.”

“लेकरांकडे बघ की जरा,” असं म्हणू नका. ती लेकरांकडेच बघते आहे. आपलं लेकरांना ओझं झालंय असं तिला वाटतंय, आणि आपल्या बोलण्यानं तिला आणखी अपराधी वाटतं. म्हणा, “तू आम्हाला हवी आहेस. मी आहे इथं.”

“आमच्यावर काय कमी वेळा आल्या?” असंही नको. ही वेळ तिची आहे. म्हणा, “मला सगळं सांग. मला घाई नाही.”

आणि मग गप्प बसा. तेच सगळ्यात अवघड. ती थांबली तरी आपण भरभर बोलू नये. हेल्पलाइनवरची माणसंही आधी ऐकतात आणि ‘आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का, जवळ कोण आहे?’ हे बघतात. कर्जाचं, नवऱ्याचं, शाळेचं नंतर बघता येतं. आधी आजची रात्र.

ऐकून झाल्यावर

पहिलं, तिला एकटी सोडू नका. मरायचं कसं हे तिनं ठरवलं असेल, तर अजिबात नाही. आळीपाळीनं कुणीतरी जवळ राहा.

दुसरं, फवारणीचं औषध आणि इतर धोक्याच्या वस्तू घराबाहेर, कुलपात ठेवा. तो विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो. लाट ओसरेपर्यंत हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. आपल्या हातात निदान एक कुलूप तर आहे.

तिसरं, “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. म्हणा, “गावात चर्चा करणार नाही. पण तुझ्या जिवासाठी ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन. आपण दोघी मिळून ठरवू.”

चौथं, पुढे न्या. आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय. फोनवर बोलायचं तर १४४१६. घरात मारहाण असेल तर महिलांसाठी १८१. मूल असेल तर १०९८. जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. नुसता नंबर देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसून लावून द्या.

काही घरं केस होईल म्हणून दवाखान्यात नेत नाहीत, आणि त्यात वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातलं ११५ वं कलम सांगतं, की असा प्रयत्न केलेल्या माणसावर मोठा ताण होता असं धरायचं, शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. म्हणून आधी दवाखाना गाठा.

पाचवं, हे एकटीनं उचलू नका. ऐकणाऱ्या बाईचंही मन भरून येतं. दोघी-तिघींनी वाटून घ्या.

आणि टोमणे?

ताई बरी होऊन आली, पण बैठक तशीच राहिली असती तर काय उपयोग? आम्ही तीन ठराव केले, इतिवृत्तात लिहून सह्या केल्या. थकलेल्यांची नावं बैठकीत वाचायची नाहीत. हप्ता चुकला तर दोघींनी घरी जायचं आणि ‘पैसे कधी?’च्या आधी ‘काय झालं?’ विचारायचं. आणि कुणी टोमणा मारला तर अध्यक्षांनी तिथंच थांबवायचं. ताईच्या हप्त्याची मुदत वाढवून दिली. तिनं सगळे पैसे फेडले, थोडे उशिरा. मुलासाठी आम्ही चौघी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटलो. पण खरं काम घरी होतं. पोरांनी ते शब्द आमच्याच तोंडून उचलले होते.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. आपण त्यात हिमोग्लोबिन मोजतो. मनाचं मोजायला मशीन नाही, विचारावंच लागतं. पुढच्या बैठकीत रजिस्टर उघडण्याआधी बघा, कोण बरेच दिवस आलेली नाही, कोण आली पण मागे बसून गप्प आहे. बैठक सुटली की तिच्यासोबत घरापर्यंत चालत जा.

मी त्या दिवशी गेले नाही. काकू गेल्या, म्हणून आज ही गोष्ट मला अशी सांगता येते.