लेखणी दादाची, साक्ष कुणाची?

बंगळूरच्या इंदिरानगरात स्थिरावलेल्या मराठी नोकरदाराला संघटित गुन्हेगारी ही मुंबईचीच मिरासदारी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या नेत्याचे नाव या वसाहतीला आहे, त्याच नावाची ‘इंदिरा ब्रिगेड’ देवराज अर्स यांच्या राजवटीत या शहरात वावरत होती आणि एम. पी. जयराज हा टोळीनायक तिचा म्होरक्या होता. राजाश्रयावर पोसलेली ही दादागिरी पुढे कन्नड साहित्यात आणि पडद्यावर अवतरली. मात्र मुंबईहून वेगळ्या वाटेने.

मुंबईत टोळ्या चित्रपटसृष्टीत शिरल्या त्या पैशाच्या आणि खंडणीच्या रूपाने. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशनकुमार यांची हत्या झाली, जानेवारी २००० मध्ये राकेश रोशन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. केंद्राने १९९८ साली चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, त्यामागे वैध वित्तपुरवठ्याची वाट मोकळी करण्याचा हेतू होता. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ‘मोक्का’ आणला. कर्नाटकानेही २००० साली त्याच धर्तीचा कायदा केला.

बंगळुरात मात्र गुंडाने थैली नव्हे, लेखणी हाती घेतली. उपेंद्र यांच्या १९९५ च्या ‘ओम’मध्ये खरेखुरे गुंड कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. पुढे, एकेकाळी टोळीयुद्धात वावरलेले अग्नी श्रीधर पत्रकार झाले आणि त्यांनी ‘दादागिरीय दिनगळु’ हे आत्मकथन लिहिले. त्यावर २००७ साली ‘आ दिनगळु’ हा चित्रपट आला. १९८६ मधील कोतवाल रामचंद्र याचा खून हा त्याचा केंद्रबिंदू. पटकथेत गिरीश कर्नाड यांचा वाटा होता आणि श्रीधर यांची भूमिका अतुल कुलकर्णी यांनी केली. गुन्हेगारीच्या कथेला याहून मोठी सांस्कृतिक प्रतिष्ठा क्वचितच लाभली असेल.

अशा लेखनाचे मोल नाकारता येत नाही. पोलिसांच्या कागदपत्रांत न सापडणारे राजकारणी व टोळ्यांचे लागेबांधे त्यातून उजेडात येतात. परंतु ही कथा नेहमी वाचलेल्याची असते. मारला गेलेला तिचा प्रतिवाद करू शकत नाही आणि खंडणी भरणारा दुकानदार त्यात नावानिशी येत नाही. बंदी हा यावरचा उपाय नव्हे. खरी उणीव आहे ती दुसऱ्या बाजूच्या निवेदनाची, म्हणजेच साक्षीची.

भरत शहा खटल्याने ती उणीव उघडी पाडली. निर्माते, कलावंत असे अनेक साक्षीदार न्यायालयात उलटले. प्रीती झिंटा आपल्या जबाबावर ठाम राहिल्या. २००३ मध्ये शहा दोषी ठरले ते माहिती दडवल्याबद्दल. ‘मोक्का’खालील आरोप टिकले नाहीत. जेथे प्रसिद्धीच्या झोतातील माणसे कचरतात, तेथे सामान्याची काय कथा?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने अशी योजना अधिसूचित करणे राज्यांवर बंधनकारक केले. तिच्यासाठी निधी व मनुष्यबळ किती मिळते, यावर तिचे यश ठरेल. साक्षीदाराला निर्भयपणे बोलता येत नाही, तोवर टोळ्यांचा इतिहास टोळीवालेच लिहीत राहणार, आणि समाज तोच तिकीट काढून पाहणार.