प्रौढवर्गाचा पाठ आणि बदललेला व्यवहार

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर ही आज महानगरपालिका आहे. १९८५ साली भाईंदर परिसरातील काही ग्रामपंचायती एकत्र करून तेथे नगरपरिषद स्थापन झाली. उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही गावे पुढे तीत आली. आणि २००२ साली तिला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर मोजली गेली. तत्पूर्वी एका पिढीच्या अंतरावर येथील आगरी कुटुंबांचा चरितार्थ भातशेती व मिठागरे यांवर आणि उत्तनकडील कोळी कुटुंबांचा मासेमारीवर चालत असे.

या माणसांपैकी अनेकांस अक्षरओळख नव्हती, परंतु ती अज्ञानी होती असे म्हणणे सर्वथा चुकीचे ठरेल. उधाणाचे पाणी आगरात केव्हा घ्यावयाचे, ते उन्हाने किती आटू द्यावयाचे, मिठाचा दाणा धरू लागला हे कशावरून ओळखावयाचे, हे सारे मिठागरावर राबणाऱ्याच्या हाती व डोळ्यांत होते. त्यासाठी त्यास एकही अक्षर वाचावे लागले नाही. पुढे अनेक मिठागरे बंद पडली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या विद्येस गिऱ्हाईक उरले नाही. तिच्या जागी कागद आला. सातबाऱ्याचा उतारा, कुलमुखत्यारपत्र, खरेदीखत, बँकेचे पासबुक. ज्याने आयुष्यभर भरती-ओहोटी अचूक ओळखली, तो आपल्याच जमिनीच्या कागदापुढे परस्वाधीन झाला.

पूर्वी अंगठा उठवणे ही लाजेची गोष्ट मानीत. आज दस्तनोंदणीच्या वेळी पदवीधराच्याही बोटाचा ठसा व छायाचित्र घेतले जाते. म्हणून ठशात लाज उरलेली नाही. भेद राहतो तो इतकाच की, कागद वाचून ठसा दिला की न वाचता दिला. प्रौढवर्ग चालवावयाचा तो या भेदासाठी.

मीरा-भाईंदरचे हे उदाहरण खेड्यातील शिक्षकापुढे ठेवण्याचे कारण उघड आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि तो शहापूर व भिवंडी या तालुक्यांतून जातो. भिवंडी तालुक्यात शेतांच्या जागी गोदामे उभी राहिल्याचे शिक्षक रोज पाहतातच. भाईंदरच्या शेतकऱ्यापुढे जो कागद आला, तो या गावांतही येणार, काही गावांत आलाही आहे.

महाराष्ट्रास प्रौढशिक्षण नवे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती इतर जिल्ह्यांत पसरली. या मोहिमेचा भार प्राथमिक शिक्षकांनी वाहिला. संपूर्ण गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई आणि साऱ्या गावास त्याचा अभिमान वाटे. तथापि समारंभानंतर वाचावयास काही उरले नाही, तेथे शिकलेली अक्षरे काही काळाने पुसली गेली. दोष शिकणाऱ्याच्या बुद्धीचा नव्हता. ज्या अक्षरांचा दिवसभराच्या कामात एकदाही उपयोग होत नाही, ती कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

सध्याचा ‘उल्लास’ म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी आखलेला असून तो १५ वर्षे व त्यावरील निरक्षर व्यक्तींसाठी आहे. अक्षर व अंक यांच्या ओळखीबरोबर जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये आणि निरंतर शिक्षण यांचाही त्यात समावेश केलेला आहे. शिकविणारे स्वयंसेवक विनामानधन काम करतात. अखेरीस वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० याप्रमाणे १५० गुणांची चाचणी होते. मात्र चाचणीतील उतारा वाचता आला आणि घरी आलेली बँकेची चिठ्ठी वाचता आली नाही, तर प्रमाणपत्राचा त्या माणसास काय उपयोग?

तेव्हा पाठ निवडावयाचा तो शिकणाऱ्याच्या व्यवहारातून. समजा, वर्गात मासळी विकणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांस पहिला शब्द ‘कमळ’ द्यावयाचे कारण नाही, ‘हलवा’ द्यावा. मासा ओळखीचा, शब्द सोपा, आणि त्यातील ह, ल, व व काना एवढ्यांतून हवा, वाल, लाल हे शब्द लगेच वाचता येतात. ‘बर्फ’ या शब्दातील रफार शिक्षकास कठीण वाटेल. परंतु तो शब्द त्या स्त्रीने गाडीवर शेकडो वेळा पाहिलेला असतो, ती तो अख्खाच ओळखते. अंकगणिताचेही तसेच. जुन्या पिढीतील कित्येक स्त्रिया विसांनी मोजतात. ‘दोन विसा पाच’ हे मोजणे चूक म्हणून खोडून न काढता, चार दशक व पाच सुटे म्हणजे तेच ४५, असे काड्यांच्या जुड्या करून दाखवावे. तोंडी हिशेबात ती बहुधा शिक्षकापेक्षा चपळच असते. तिला हवी असते ती कागदावरची खूण.

मोबाइलवरून पैसे घेण्याची रीत आता बाजारात रुळली आहे. म्हणून रक्कम वाचणे, शून्ये मोजणे, ५०० आणि ५००० यांतील फरक पडद्यावर ओळखणे हा पाठ लवकर घ्यावा. त्याबरोबर एक गोष्ट पक्की बिंबवावी: पैसे घेताना पिन कधीही टाकावा लागत नाही, जो टाकावयास सांगेल तो फसवू पाहत आहे. असा पाठ एकदा घेतला की दुसऱ्या दिवशी शेजारीणही वर्गास येते. ज्या गावात जमिनीचे व्यवहार होत आहेत, तेथे सातबाऱ्याची जुनी प्रत फळ्यावर मोठ्या अक्षरांत उतरून गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादाराचे नाव व इतर हक्क हे रकाने वाचून घ्यावेत. कोणाचा खाजगी उतारा मात्र वर्गापुढे मांडू नये.

गरज कोणती हे शिक्षकाने परस्पर ठरवू नये. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. तेथील वृद्ध स्त्रियांस पोथी स्वतः वाचता यावी अशी इच्छा होती. ती त्यांनी बोलून दाखविली आणि जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. फांगण्यास पोथी, उत्तनला पैशाची चिठ्ठी. दोन्ही गरजा सारख्याच खऱ्या आहेत. पोथी हा व्यवहार नव्हे असे म्हणून तिला बाजूस सारणारा शिक्षक वर्ग गमावून बसेल.

प्रौढास ‘अरे-तुरे’ करू नये, हे सांगावयाची वस्तुतः गरज नसावी; परंतु दिवसभर मुलांस शिकविल्यावर जिभेस ती सवय राहते. काका, मावशी, आजी म्हणावे. त्यांची आगरी वा कोळी बोली वर्गात मोकळेपणी चालू द्यावी. शुद्धलेखन मागाहून येते.

वर्गाची वेळही शिकणाऱ्यानेच सांगावी. फांगण्यास ती दुपारी दोन ते चार ठरली, कारण तेवढाच वेळ घरकामातून सुटत होता. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते, आणि पाऊस लागल्यावर मिठागरांचे कामही थांबते; नवा वर्ग त्या दिवसांत सुरू करणे सोयीचे. भातशेतीच्या गावात नेमके तेच दिवस पेरणी-लावणीचे असल्याने तेथे वर्ग कापणी-झोडणी उरकल्यावर घ्यावा. होड्या पुन्हा समुद्रात गेल्या म्हणजे उत्तनसारख्या गावी उपस्थिती घटेल. त्या वेळी हजेरीपटावर लाल रेघ ओढण्यापूर्वी बाजारातून स्त्रिया किती वाजता परततात याची चौकशी करावी, आणि वर्ग त्या वेळेवर न्यावा.